ओल्या पोत्यांखाली

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत खुशी आणि ओम यांची पहिली भेट एका फुटलेल्या गोणीमुळे झाली. ओम कामाला होता त्या फरशी-पॉलिशच्या कारखान्यातली दगडाची भुकटी उडाली आणि तो भुवयांपर्यंत पांढरा झाला.

"एवढ्यातच म्हातारे झाले तुम्ही?" खुशीने विचारले.

"तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो, मॅडम."

ती हसली... आणि उगाचच वहीची पाने चाळू लागली.

विमलताईंच्या सिमेंट-ब्लॉकच्या कारखान्यात खुशी तपासनीस होती. नाल्यात जाणारी ही भुकटी थोड्या सिमेंटच्या जागी चालेल, असे ओमचे म्हणणे होते. विमलताईंनी त्याला एकच संधी दिली. भुकटी मिसळून साच्यातून ब्लॉक पाडले गेले. ओली पोती घालून त्यांवर रोज पाणी मारण्याची जबाबदारी खुशीने घेतली. सुरुवातीचा ओलावाच ब्लॉकला बळ देतो, हे तिला कुणी शिकवायला नको होते. तरीही राळेगावला बहिणीच्या लग्नात ती चार दिवस रमली. एप्रिलचे ऊन होते. परतल्यावर पोती ओली दिसली, आणि तिने कुणालाही काही विचारले नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी ताकद तपासणाऱ्या यंत्राखाली ब्लॉक फार लवकर तडकले.

"भुकटीच नासकी," विमलताई म्हणाल्या. "उद्यापासून आणू नकोस."

खुशी वहीत पाहत राहिली. ओमने मान लववली आणि तो निघाला.

फाटकापाशी तिने त्याला गाठले. "तुम्ही काही बोलले काहून नाही?"

"काय बोलू? तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी आलो, तर पोती खडखडीत. मीच पाणी मारलं — पण उशीर झालता."

"तुम्हाले माहीत होतं?"

"तुमची नोकरी गेली असती. मग मले इकडं यायले बहाणा कोणता राह्यला असता?"

तिला त्याच्याकडे पाहवेना. ती तशीच माघारी वळली.

"ताई, दोष भुकटीचा नाही. चार दिवस मी पाणीच मारलं नाही."

विमलताईंनी चष्मा काढला. "आणि महिनाभर हे पोटात ठेवलंस?"

खुशीची कानशिले तापली.

"पुन्हा पाड ब्लॉक. पाणी तूच मारशील. आणि ज्याचं नुकसान केलंस, तो रोज येऊन पाहील."

नव्या पोत्यांवर पहिले पाणी पडले, तेव्हा ओम शेजारी उभा होता. खुशीची नजर पाइपावरून हलत नव्हती.

"अठ्ठावीस दिवस येईन मी," तो म्हणाला. "एकोणतिसाव्या दिवशी?"

"त्या दिवशी पाणी मारायचं नसते..." ती थांबली. मग प्रथमच तिने डोळे वर केले. "तरी या."