तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी

त्या माणसाने कागद उलटा धरला होता, म्हणून चतुरा थांबली.

एरवी ती थांबली नसती. डोक्यावर भाकरीची टोपली होती आणि शेतात आबा वाट पाहत होते. पण पिंगळीच्या ओढ्याकाठी, बाभळींना कापसाचे धागे अडकलेल्या त्या थंडीच्या सकाळी, खाकी पँट घातलेला एक तरणा माणूस तीन पायांच्या दुर्बिणीशेजारी उभा होता. हातातला उर्दू कागद तो फार गंभीरपणे, खालचं वर करून न्याहाळत होता.

समोर मेंढरं राखणारी बानूमाय काठीवर हनुवटी टेकून त्याच्याकडे बघत होती.

"आजी," तो म्हणाला, "पुराची सर्वोच्च पातळी साधारण कुठवर गेली होती, आपल्याला स्मरतं का?"

बानूमायने चतुराकडे पाहिलं. "काय म्हनायलाय गं ह्यो?"

चतुराला हसू आवरेना. "लय मोठा पूर आलता तवा पानी कुठवर आलतं, असं विचारायलेत."

"मग तसं सरळ विचाराव की." बानूमायने काठी उचलून ओढ्यापलीकडच्या खंडोबाच्या ओट्याकडे दाखवली. "त्या तिसऱ्या पायरीला लागलं हुतं. थोरला माझ्या पोटात. कोकरं उराशी धरून रातभर बसले मी वर."

त्याने लगेच वहीत लिहून घेतलं. मग चतुराकडे वळला. डोळे तपकिरी, नाकावर उन्हाने सोललेली कातडी... आणि चेहऱ्यावर खरीखुरी कृतज्ञता. "तुमचे उपकार झाले."

"एक सांगू?" ती म्हणाली. "कागद उलटा हाय."

तो कानापर्यंत लाल झाला. चतुराने टोपली खाली ठेवली, कागद सुलटा केला आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत खडाखडा वाचून दाखवला.

तेव्हा कुठे त्या माणसाला हायसं वाटलं.

त्याचं नाव दिनकर. साताऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, पुण्यात इंजिनिअर झालेला आणि तिथल्याच एका सल्लागार मंडळींच्या कचेरीत नोकरीला. परभणीच्या कापूसवाल्यांनी सहकारी जिनिंगचा कारखाना काढायचा ठरवला होता. तो कुठे बांधावा, याचा सल्ला देण्यासाठी त्याला पाठवलं होतं. निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं होत आली होती. जिल्हा आता मुंबई राज्यात होता. पण तहसिलीतले जुने कागद उर्दूतच होते आणि ते वाचणारे कारकून एकेक करून निवृत्त झाले होते. चतुरा मात्र परभणीच्या मुलींच्या शाळेत उर्दूतूनच शिकली होती.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या घरी आला. तिचे वडील माणिकराव ओट्यावर दोर वळत बसले होते.

"सल्ला द्यायची नौकरी?" त्यांनी विचारलं. "आमच्या पाराव फुकट देतेत लोक."

"ते न विचारता देतात," दिनकर म्हणाला. "आम्ही आधी पुष्कळ विचारतो. म्हणून आम्हाला पगार मिळतो."

माणिकराव हसले. ते सहसा हसत नसत. दोन महिन्यांसाठी, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, या अटीवर चतुराला जुने उर्दू कागद वाचून द्यायची नोकरी मिळाली.

परभणी स्टेशनाजवळच्या दोन खोल्यांत दिनकरने कामापुरती कचेरी थाटली होती. एक टेबल, एक टाइपरायटर, भिंतीवर नकाशे. चतुराला वाटलं होतं, मोठी माणसं इथे बसून मोठ्या गोष्टी ठरवत असतील. प्रत्यक्षात दिनकर दिवसभर लहान गोष्टी विचारत फिरायचा. गाडीवानाला विचारायचा, चिखलात चाक कुठे रुततं. विहीर खणणाऱ्याला विचारायचा, काळी माती किती हातांवर संपते. कुणी चुकीचं सांगितलं तरी त्याला तोडायचा नाही. 'असं का वाटतं तुम्हाला?' एवढंच म्हणायचा आणि मग दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन मोजायचा.

आणि मग लिहायला बसायचा. एकेक वाक्य चार-चारदा खोडायचा. पुण्याचे मोठे साहेब मसुदा परत पाठवायचे, तेव्हा समासात निळ्या पेन्सिलीने एकच शब्द जागोजागी असायचा – कशावरून?

"चिडत न्हाईत तुमी?" चतुराने एकदा विचारलं.

"पहिल्या वर्षी फार चिडायचो. मग कळलं, आपल्या एका ओळीवर उद्या कुणीतरी भिंत उभी करणार. त्या भिंतीखाली माणसं काम करणार... ओळ पक्की नको?"

 त्या संध्याकाळी गाडीच्या खिडकीशी बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण तेच वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणतो आहोत. त्याच्या आवाजात.

तहसिलीतून आणलेल्या गाठोड्यात एके दिवशी तिला तो पंचनामा सापडला. मौजे पिंगळी, ओढ्याला तुगयानी, म्हणजे महापूर.

"सन तेराशे चोवीस," तिने वाचलं.

दिनकरने पेन्सिल ठेवली. "सहाशे वर्षांपूर्वीचा? मग आजीबाईंचं वय काय म्हणायचं?"

चतुरा एवढी हसली की तिला पदर तोंडाशी धरावा लागला. "फसली सन हाय तो, निजामाच्या शेतसाऱ्याचा. पाचशे नव्वद मिळवा."

त्याने बोटांवर हिशेब केला. "एकोणीसशे चौदा. चव्वेचाळीस वर्षं." मग तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही नसता तर मी अहवालात काय काय लिहून बसलो असतो..."

"मी हाय की."

म्हणून गेली खरी, आणि मग दोघांनाही एकदमच कामं आठवली. तो नकाशावर वाकला. तिने सरळ असलेले कागद पुन्हा सरळ केले.

पंचनाम्यात तिसरी पायरी होती. ओढ्याच्या अलीकडचा तो सगळा सपाट तुकडा कमरेइतक्या पाण्याखाली गेल्याचंही लिहिलं होतं. आणि नेमका तोच तुकडा, रस्त्याला लागून, व्यंकटरावांचा होता.

व्यंकटराव सहकारी मंडळाचे अध्यक्ष. कारखाना आपल्या जमिनीवर व्हावा, ही त्यांची हौस सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. माणूस वाईट नव्हता. गावाच्या शाळेच्या छपराला त्यांनीच पत्रे दिले होते. पण 'नाही' ऐकायची सवय नव्हती. पंचनाम्याची कुणकुण लागताच ते घोडागाडीतून थेट माणिकरावांच्या दारात उतरले.

चतुरा आत चुलीपाशी होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"माझ्या पुतण्यासाठी तुमच्या चतुराला मागायला आलोय," व्यंकटराव म्हणाले. "हुंडा नको, काही नको. शिकलेली सून पायजे." मग आवाज खाली आला. "आन् त्या जुन्या कागदाचं एक... अक्षर पुसट असतंय. पैली पायरी बी वाचता येती. तिच्याबिगर वाचनारं हायेच कोन?"

ते गेल्यावर चतुरा ओट्यावर आली.

"आबा, तुमाला काय वाटतंय?"

"स्थळ लय मोठं हाय," ते सावकाश म्हणाले. "दुसरं बोलले ते मला आवडलं न्हाई. पन कागद तू वाचलायस. मी न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिने दिनकरला सगळं सांगितलं. स्थळाचंही. तो खिडकीपाशी उभा होता. 

"स्थळाबद्दल मी काही बोलू शकत नाही," तो पाठमोराच म्हणाला.

"काहीच न्हाई?"

"अहवालावर सही होईपर्यंत... नाही."

चतुराने कागदांचं गाठोडं आवळून बांधलं. बोलला असता तर? एक शब्द तरी? पुढचे आठ दिवस तो तिच्याशी फक्त कामाचं बोलला. चहाचा कपसुद्धा टेबलावर दूर ठेवायचा. ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची आणि संध्याकाळच्या गाडीत डोळे पुसायची.

मग मोठे साहेब पुण्याहून आले आणि मंडळाची सभा भरली. तीसेक शेतकरी, पंच, मागच्या बाजूला माणिकराव. दिनकरने मोजमापं मांडली. बानूमायने सांगितलेलंही तो मोठ्या मानाने बोलला, जणू ती एखादी नामांकित तज्ज्ञ होती. गाडीवानाचं नावही घेतलं. चतुराला राग आलेला असूनही त्याचा अभिमान वाटला.

"म्हातारीच्या बोलन्यावर कारखाना हलवायचा?" कुणीतरी म्हणालं.

"पंचनामा वाचू द्या," साहेब म्हणाले.

चतुरा उभी राहिली. व्यंकटराव तिच्याकडे टक लावून बघत होते. दिनकर मात्र खाली, टेबलाकडे बघत होता. तिने आधी उर्दू वाचलं, मग मराठीत सांगितलं. पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत. सपाट जमीन कमरेइतकी बुडाली. एका बैलजोडीचा खोंडासकट नाश. तिचा आवाज एकदाही हलला नाही.

"खाली सही हाय," ती म्हणाली आणि क्षणभर थांबली. सभेसाठी तिने ती कालच नीट लावून वाचली होती. "बैलजोडीच्या मालकाची. गोविंदराव, वल्द संभाजी, म्हंजी संभाजीचे चिरंजीव."

 व्यंकटराव हळूहळू उठले. जवळ येऊन त्यांनी त्या वळणदार अक्षरांवर बोट ठेवलं.

"बाबांची?"

"व्हय, काका."

"मी सात-आठ वरसांचा असन," ते म्हणाले. "त्या साली आमच्याकडं पोळ्याला बैल नव्हते. मी रडलो हुतो. का नव्हते, ते कुनी सांगितलंच न्हाई..." त्यांनी खुर्ची ओढली. "पुन्यांदा वाच बाई. हळू वाच."

तिने पुन्हा वाचलं. या वेळी तिचा आवाज जरासा ओला झाला. व्यंकटरावांनी उपरण्याने चेहरा पुसला आणि साहेबांना म्हणाले, "उंचावरची जागा कोनती धरलीय, ती दाखवा." मग जाता जाता माणिकरावांपाशी थांबले. "त्या दिवशी बोललो ते इसरून जा. पुतन्याचं बी. तुमची पोरगी कुनाच्या सांगन्यावर चालनारी न्हाई."

अहवालावर त्याच दुपारी सही झाली. मोठे साहेब पुण्याच्या गाडीकडे निघाले, आणि तेवढ्यात बिनमोसमी भुरभुर सुरू झाली. कचेरीच्या पायरीवर दिनकर आणि चतुरा दोघेच उरले. ओल्या मातीचा, कापसाच्या गाठींचा वास येत होता.

"माझ्यावर रागावला आहात," तो म्हणाला.

"आठ दिस."

"मोजलेत?"

"तुमच्याकडंच शिकले मोजायला."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "मी त्या दिवशी बोललो असतो आणि मग तुम्ही कागद वाचला असता... तर लोक म्हणाले असते, पोरीने त्याच्यासाठी तसं वाचलं. तुमच्या शब्दावर माझी सावली पडायला नको होती. म्हणून गप्प बसलो." तो थांबला. केसांवरचे थेंब कपाळावर ओघळत होते, ते पुसायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं. "फार जड गेलं हो, चतुराबाई."

चतुराने मान वर केली. आठ दिवसांचा राग कुठे गेला, तिला कळलंही नाही. "आता झाली की सही."

"परवा मला सोलापूरकडे जायचंय. नवीन काम आहे. त्याआधी आबांना भेटू?"

"रानात असतेत सकाळी," ती म्हणाली आणि पावसातच स्टेशनाकडे निघाली, कारण तिथे आणखी थोडं थांबली असती तर तिचा चेहरा सगळं बोलून मोकळा झाला असता.

दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन रानात पोचली, तेव्हा दोघे बांधावर बसले होते. दिनकरच्या चपला चिखलाने भरल्या होत्या. माणिकराव हरभऱ्याचे घाटे सोलून त्याच्या हातावर ठेवत होते.

"काय पुसायचं ते समदं पुसलं मी," ते चतुराला म्हणाले. "घरी आई हाय. शेती बेताची. वरसातले सहा महिने गावोगाव हिंडायचं. लपवलं कायबी न्हाई गड्यानं. हो म्हनून सांगू का?"

चतुराने टोपली उतरवली. "मला कुनी इचारलंच न्हाई अजून."

माणिकरावांनी दिनकरकडे पाहिलं आणि हाताने, ऊठ बाबा, अशी खूण केली. मग स्वतः पाठ फिरवून बैलांकडे चालू लागले.

दिनकर उठला. इतक्या लोकांना इतके प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाला पहिला शब्दच सापडेना.

"माझ्याशी... लग्न कराल?"

"गावोगाव मला संग न्याल का, ते सांगा आधी. घरी बसून वाट बघनं मला जमायचं न्हाई."

"न्यायचंच आहे. कामाला. साहेबांशी बोललोय मी कालच."

"मला न विचारता?"

"चुकलो."

खूप वेळ रोखून धरलेलं चतुराचं हसू फुटलं. खाली बसून तिने फडकं सोडलं, ज्वारीच्या भाकरीवर ठेचा ठेवला आणि ती त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली तेव्हा बोटांना बोटं लागली, आणि कुणीच हात मागे घेतला नाही.

"करीन," ती म्हणाली. "बसा आता. आबांना हाक मारते."