दुपारचा दिवा

ही गोष्ट घडलेली आहे. कुणाला पटो, न पटो.

रात्रीची नाही, भर दुपारची. गेल्या नोव्हेंबरातली. देवास जिल्ह्यात, पीपलरावां गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमधली.

शेड तात्यांची. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी सोयाबीनच्या भुसकटापासून इंधन काढायचा ध्यास घेतला होता. भुसकट शिजवायचं, आंबवायचं, त्याची वाफ थंड करून थेंब थेंब स्पिरिट जमवायचं. मुलगी वल्लरी इंदूरला नोकरीत. चार वर्षांत एकदाही इकडे फिरकली नव्हती.

त्या दिवशी चार वाजता त्यांचा फोन आला.

"पेटलं गं! येतेस बघायला?"

"मीटिंगमध्ये आहे, तात्या."

"ये सावकाश. मी दिवा पेटता ठेवतो."

अर्ध्या तासात ते खुर्चीतच गेले.

तेरावं उरकून, दुसऱ्या दिवशी वल्लरी आली. एकटीच. किल्ली उमाबाईंकडे होती. त्या तात्यांकडे भुसकट कुटायला यायच्या.

"उस दिन से कुलूप आहे, बेटा. मी आत गेलेच नाही."

कुलूप उघडलं.

आत कसलाच आवाज नव्हता. पिंपं गार. खुर्ची रिकामी. टेबलावर, दारातून आलेल्या उन्हात, काचेचा स्पिरिटचा दिवा, शेजारी मिठाची वाटी.

दिवा उचलायला वल्लरीने हात पुढे केला...

चटका बसला.

वातीवर तर ज्योत नव्हती.

"अरे, हात मत लगाओ!" उमाबाई हसल्या. "तुम्ही इंदूरवाले! उन्हात स्पिरिटची आग दिसते का कधी? तात्या मिठाची चिमूट टाकून बघायचे. पिवळी झाली, की जळतेय..."

बोलता बोलता त्या बोटांवर दिवस मोजू लागल्या.

तो दिवा भरला, तरी जेमतेम तासभर चालायचा.

आज चौदावा दिवस होता.

वल्लरीने वाकून काच निरखली. तळाला थेंब नव्हता. वात कोरडी ठाक.

तिने लांबूनच तळवा धरला...

ऊब.

तिने चिमूटभर मीठ टाकलं.

तड... तड... आणि पिवळी ज्योत उभी राहिली. सरळ, शांत.

"बिटिया आएगी, तभी बुझाऊंगा," उमाबाई पुटपुटल्या. "उस दिन यही बोले थे." त्या मागे सरत सरत उंबऱ्याबाहेर गेल्या.

मागे खुर्ची करकरली...

कुणी उठताना करकरते, तशी.

वल्लरीने वळून पाहिलं नाही.

"आले, तात्या. बघितलं मी."

आणि तिने दिव्यावर टोपण ठेवलं.

शेड आता विकली गेली. दिवा इंदूरच्या घरी आहे, टोपणासकट. शेजारी तीच मिठाची वाटी. रोज चार वाजता वल्लरी दिव्यासमोर बसते. टोपण मात्र अजून काढलेलं नाही.

टोपण काढल्यावर हाताला ऊब लागली, तर चिमूटभर मीठ टाकायचं, हे तिने ठरवून ठेवलंय.

नाही लागली तर...