विंगेतला गडगडाट

नाटक कंपनीतल्या पहिल्याच दिवशी, हनुवटीपर्यंत कपड्यांचा ढीग धरून ती अंधाऱ्या विंगेतून चालली होती, आणि तिचं डोकं कशावर तरी दाणकन आपटलं. असा गडगडाट झाला म्हणता! रंगमंचावर गुडघ्यावर बसून ‘माझी होशील?’ असं विचारणारा नायक आ वासून छताकडे बघत राहिला. बाहेर तर रणरणतं ऊन होतं.

दोरीला टांगलेला एक लांबलचक पत्रा अजून थरथरत होता. त्याला दोन्ही हातांनी शांत करत एक तरुण पुढे आला.

“लागलं का हो?”

“पत्र्याला की मला?”

“पत्रा ठणठणीत आहे. तुमचं विचारतोय.”

“वाटेत काय टांगलंय हे?”

“ढगांचा आवाज. इथं पहिल्यापासून असाच काढतात. जुनं ते सोनं!”

“सोनं आहे तर तिजोरीत ठेवा की... आमच्या डोक्याशी कशाला?”

तो खळखळून हसला. नाटकातले सगळे आवाज तोच काढायचा, म्हणून कंपनीत त्याला ‘ढग’च म्हणत. आणि ती आली होती आपल्या म्हाताऱ्या मावशीच्या जागी, कपडेपट सांभाळायला. मावशीचा जन्म हूक लावण्यात गेला होता. वादळाच्या प्रवेशात नायिका आत येऊन साडी-पोलकं बदलायची, तेव्हा हुकांची रांग संपेपर्यंत बाहेर नायकाला भलंमोठं भाषण ठोकावं लागे. तिनं आल्या आल्या सगळे हूक उसवले आणि वेल्क्रो शिवला. मावशीनं अबोला धरला. तिनं त्यालाही भीक घातली नाही.

वेल्क्रोनं काम झटकन व्हायचं, पण ओढताना – खर्रर्र!

“तुमचं नवं भलतंच तोंडाळ आहे हो,” ढग म्हणाला.

“आणि तुमचं जुनं काय लाजाळू आहे?”

“मग असं करू... ओढायच्या आधी माझ्याकडे बघून हनुवटी उचला. पुढचं मी बघतो.”

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगात ती हनुवटी उचलायची, त्याचा पत्रा गडगडायचा आणि खर्रर्र त्यात बुडून जायचं. त्या एका नजरेची ती दिवसभर वाट बघायला लागली होती, हे मात्र तिनं कुणाला कळू दिलं नाही.

मग एका दुपारी मॅनेजरनं नवं मशीन आणलं. “एकदा बटण दाबलं की ठरल्या वेळी आपोआप गडगडाट! पत्रा भंगारात. ढगा, तू दुसरीकडे काम बघ.”

खोटं कशाला बोला, मशीनचा गडगडाट अस्सल होता. ऐकून तिच्याही छातीत धडकी भरली. पण तालमीत नायिकेचा पाय पदरात अडकला, ती आत यायला जरासा उशीर झाला, आणि मशीन आपलं गडगडून मोकळं झालं. चिडीचूप शांततेत आवाज आला – खर्रर्र! सगळे फिदीफिदी हसले.

“काढ तो वेल्क्रो!” मॅनेजर ओरडला. “हूक लाव!”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक रंगमंचावर आली.

“वेल्क्रो राहणार. आणि पत्राही राहणार.”

“हे बघ, नवं तरी धर, नाहीतर जुनं तरी!”

“का म्हणून? जे चांगलं ते दोन्ही धरीन. मशीन छान आहे, पण ते कुणासाठी थांबतं का? हा थांबतो! माझ्याकडे बघून थांबतो...” बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. पण मागे हटली नाही. “त्याला काढणार असाल तर मीही चालले. पुन्हा हूक लावा, पुन्हा भाषण!”

“भाषण नको!” नायक कळवळून म्हणाला.

मॅनेजरनं कपाळावर हात मारला. “आजचा एक प्रयोग. फसला तर दोघंही घरी!”

विंगेत ढगानं पत्र्याची दोरी घट्ट केली. मग हळूच म्हणाला, “पत्र्याकडे मी कधी बघतच नाही. तुझ्या हातांकडे बघतो...”

“तुझ्या?”

“तुमच्या म्हणू?”

“काही गरज नाही.”

वादळाचा प्रवेश बिनबोभाट पार पडला. मग आली चांदणी रात्र. नायक गुडघ्यावर बसला. “माझी होशील?”

विंगेत बोलायची सोय नव्हती. ढगानं तिच्याकडे पाहिलं... त्याच्याही डोळ्यांत तोच प्रश्न होता. आणि तिनं, मावशी, मॅनेजर, सगळ्यांना बाजूला ठेवून, हनुवटी उचलली.

सवयीचे हात! पत्रा दणदणून गडगडला. ऐन चांदण्यात! पहिल्या रांगेत मॅनेजर ताडकन उभा राहिला. गेली नोकरी – दोघांची!

पण या वेळी नायकानं छताकडे पाहिलं नाही. नायिकेचा हात धरून तो म्हणाला,

“ऐकलंस? आभाळ हो म्हणालं!”

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मॅनेजर मुकाट खाली बसला.