पडवीतलं पालथं मडकं

आमच्या पळसदेवच्या घरात पडवीतल्या फळीवर एक मडकं पालथं असतं. सून म्हणून आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला कपाटाची किल्ली दाखवली आणि मग ते मडकं. किल्लीला हात लाव म्हणाल्या, मडक्याला नको.

कारण कळलं ते पौष शुद्ध त्रयोदशीच्या रात्री. दुसऱ्या दिवशी उजनीच्या पाण्यावर पक्ष्यांची मोजणी होती. ती आमचं पाणपक्षी मंडळ करतं. त्यातले निम्मे लोक पूर्वी बदकं धरायचे, त्यामुळे बदकं कुठं बसतात ते त्यांना बरोबर ठाऊक. चोरट्यांनी लावलेली जाळी काढायला माझा नवरा ऋषिराज आणि दीर सौरभ रात्रीच होडी घेऊन निघणार होते. जेवणं झाली तसे चुलतसासरे तात्या म्हणाले, "बसा जरा. ऐकून जावा."

"भुताचं का, तात्या? वैनी घाबरतील हां."

"ती कशाला घाबरंल? पाण्यात तुमी चाललाय."

तात्यांनी सुपारी तोंडात टाकली.

"माझा दोस्त गेणबा. त्याचा थोरला भाऊ मडक्यानं बदकं धरायचा. आधी चार दिवस रिकामी मडकी पाण्यावर सोडायची. बदकं सरावली, की डोळ्यांपुरती दोन भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घालायचं, गळ्याएवढ्या पाण्यातनं चालत जायचं, आन् खालनं बदकाचा पाय वढायचा. बाकीच्या बदकांना पत्ताबी लागत न्हाय. एका पहाटं भाऊ गेला, त्यो आलाच न्हाय. तिसऱ्या दिवशी मढं गावलं. मडकं न्हाय गावलं. मग गेणबानं शिकार सोडली आन् मंडळात आला. येताना आपलं मडकं सगळ्यांम्होरं फोडायचं, ही मंडळाची रीत. त्यानं फोडलं.

फुडं पाच वर्सांनी, अशीच तेरस. पावणेतीन वाजल्यालं. गेणबा एकटाच जाळी काढत हुता. वारा भिगवणकडनं. आन् एक मडकं... वाऱ्याच्या उलटं येत हुतं."

सौरभनं मोबाइल खाली ठेवला.

"गेणबाला वाटलं, चोर. बॅटरी मारली. दोन भोकं. आत काळं. भवतीनं बदकं. एकबी उडंना. गेणबा म्हणाला... दादा?

मडकं थांबलं.

फिरलं.

भोकं ह्याच्याकडं..."

तात्यांनी सुपारी दुसऱ्या गालात सरकवली.

"मग?" ऋषिराजनं विचारलं.

"उचललं त्यानं. खाली नुसतं पाणी. सकाळी माझ्याकडं आणलं. म्हणाला, तात्या, रीतीनं फोडा, म्हंजी सुटंल त्यो. मी दगूड घेतला. आत हात घातला तर वलं. ऊन. पुसलं, तर परत वलं. कुणी आत श्वास सोडावा तसं." तात्यांनी पडवीकडं बघायचं टाळलं. "ज्याचा श्वास चालू हाय, त्याचं मडकं कसं फोडू?"

तरी होडी गेलीच. "जाळी राहिली तर उद्या मेलेलीच बदकं मोजायला लागतील," ऋषिराज म्हणाला. मी म्हणाले, "स्वेटर घाला." लग्नाला दीड महिना झाला होता, याहून जास्त बोलायची सवय नव्हती.

झोप आली नाही. पावणेतीनला पडवीत गेले. मडकं उचललं. आतून बोटं फिरवली.

कोरडं.

थंडगार.

फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. पाण्याकडून कसलाच आवाज नाही... मडकं परत पालथं ठेवून मी तिथंच बसून राहिले.

साडेसहाला दोघं आले. चिखलानं भरलेले, पण धडधाकट. मी ऋषिराजला आधी डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग चहाला आधण ठेवलं.

"जाळं सापडलं," तो म्हणाला, "पण आम्ही पोचायच्या आधीच फाडलेलं. बदकं सगळी सुटलेली. आसपास दुसरी होडी नव्हती."

"असंल मंडळातलंच कुणीतरी," सौरभ म्हणाला.

तात्यांनी बशीत चहा ओतला. "असंल."

मी पडवीत गेले. मडकं उचललं. आतून ओलं होतं. ऊन.

आणि खाली फळीवर हिरव्या नायलॉनच्या जाळ्याचा एक तुकडा होता. अजून पाणी निथळत होतं.