चौथा कप्पा

दुपारी दोनला ताई बाबांना आणि त्या पेटीला घेऊन माझ्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात आली. पेटी मीच बांधून दिली होती. चार कप्पे, चार डिस्क, आणि त्यांत आईची सगळी ध्वनिमुद्रणं. ती गेल्यापासून तिचा आवाज कानावर पडल्याशिवाय बाबा घास उचलत नाहीत. दोन दिवस पेटी मुकी होती आणि बाबा उपाशी.

"चौथी डिस्क गेलीय," मी म्हणालो. "घाबरू नकोस. चौघी काम वाटून घेतात, म्हणून पेटी झपाझप चालते. शिवाय एक गेली, तरी उरलेल्या तिघी तिच्यात काय होतं ते जुळवून काढून नव्या डिस्कवर उतरवतात."

"आपल्यासारखंच की रे. आई काय म्हणाली असती, ते आपण तिघं सांगतोच ना?"

मी हसलो. जुळवणी चालू असताना अजून एक डिस्क दमली, तर सगळंच मुसळ केरात. पण ते सांगायला जीभ रेटेना. गेलेली डिस्क काढली आणि बोलता बोलताच जुळवणीचं बटण दाबलं.

शटर अर्धं ओढलेलं होतं. उन्हाची पट्टी फरशीवरून हळूहळू सरकत होती. पेटीच्या पंख्याची घुमघुम ऐकून आम्हा तिघांचेही डोळे जड झाले. पडद्यावरचा आकडा चाळीसवर गेला. साठला बाबांना खोकल्याची उबळ आली. पलीकडे स्वयंपाकघरात कोणीतरी भांडी आवरत होतं. बऱ्याच वेळानं मला आठवलं, दुकानाला स्वयंपाकघर नाही.

शंभर. चारही दिवे हिरवे.

मी आवाज लावला. आई गुणगुणत होती. बाबांनी ताईनं आणलेला डबा पुढे ओढून पहिला घास घेतला, तशी ताई रडायलाच लागली. मलाही भरून आलं.

गुणगुणण्याच्या मागे कोणीतरी खोकलं.

"हे बाबाच ना?" ताईनं डोळे पुसत विचारलं. "मघासारखंच खोकले."

"जुनं असेल," मी म्हणालो आणि टेबल आवरू लागलो.

नवी डिस्क टेबलावरच होती. पाकिटाचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

इतकी वर्षं हे काम करतोय. रिकाम्या कप्प्यावर जुळवणी सुरूच होत नाही.

चौथ्या कप्प्याचं झाकण उघडं होतं. दिवा हिरवा. आत काही नाही.

लहानपणापासून मला दिसेल त्या भोकात हात घालायची खोड. आताही घातला.

ऊब होती.

आई गुणगुणायची थांबली.

"हात काढ रे. कितीदा सांगायचं तुला?"

मी हात काढला. ताईनं तोंडावर पदर धरला होता. बाबांनी मात्र मान वर न करता दुसरा घास घेतला.

"ऐक तिचं," ते म्हणाले.

मी नवी डिस्क पाकिटासकट खणात ठेवली. पाठीमागे कप्प्याचं झाकण आतून लागलं.