सत्तावीस नंबर आणि मावशीचं तिखट

वालपाराइसो बंदराचा डोंगर दोरावर चढणाऱ्या त्या करकरत्या लाकडी डब्यात चार माणसं होती आणि बटाट्यांचं एक पोतं. वर पोचताना डब्याने नेहमीसारखा गचका दिला, पोत्याचं तोंड सुटलं आणि बटाटे... जांभळे, वाकडेतिकडे, बोटाएवढे बटाटे सगळ्यांच्या पायांतून धावत सुटले.

"धरा हो! तो दाराजवळचा धरा!" पोत्याचा मालक ओरडला. उंच, तांबूस गालांचा, स्वेटर कोपरावर उसवलेला.

ओरियानाने कोट सावरत बटाटे गोळा केले आणि त्याच्यासमोर धरले. "हे घ्या. बटाटे आणायला इथे बंदी नाही, पण बांधून आणतात."

"चिलोए बेटावरचे आहेत. आमच्याकडचे बटाटेही हट्टी!" तो म्हणाला आणि असा काही हसला, की शेवटचा बटाटा तिच्या हातातच राहिला. तिने तो कोटाच्या खिशात टाकला. का टाकला, देव जाणे!

अर्ध्या तासाने तेच उसवलेलं कोपर ओरियानाच्या प्रयोगशाळेच्या दारात उभं.

"हा सेल्सो बार्रिया," प्रयोगशाळेच्या प्रमुख एर्सिलिया बाईंनी सांगितलं. "आजपासून आपला दुसरा हात."

दुसरा हात हा बाईंचा जुना दंडक. एकाला काही सापडलं, की दुसऱ्याने तेच पुन्हा करून बघायचं, आणि तेही कुठल्या कुपीत औषध आणि कुठल्या कुपीत नुसतं पाणी, हे न कळता. "एकदा घडलं तो योगायोग," बाई म्हणत. "पुन्हा घडलं तर बोला."

आणि ओरियानाला सापडलं होतं! दुखणं सांगणाऱ्या नसांवर बारीक बारीक दारं असतात. चटका बसला, तिखट लागलं, की दार उघडतं आणि विजेची कणभर लहर आत घुसते. आयन चॅनल म्हणतात त्याला. हे दार मिटून ठेवणारा रेणू शोधायचा, एवढंच त्या प्रयोगशाळेचं काम. यंत्राने शेकडो रेणूंतून निवडून दिलेले मोजके ती हाताने तपासत होती, आणि सत्तावीस नंबर घातला की वरून तिखटाचा अर्क टाकला तरी दार गपगार! सत्तावीस टिकला तर काम पुढे चालणार. नाहीतर महिन्याभराने होणाऱ्या शुक्रवारच्या बैठकीत प्रकल्प बंद आणि ओरियाना घरी.

घरी म्हणजे हिल्दा मावशीकडे. मावशीच्या पाठीवरची नागीण कधीच गेली, पण आग मागे ठेवून गेली. अंगाला ब्लाउज लागला तरी ती बिचारी कळवळते. तिनेच ओरियानाला वाढवलं, आणि अजूनही दर महिन्याला घरचं मेरकेन पाठवते, धुरावलेल्या मिरचीचं लालभडक तिखट. ते पावावर, अंड्यावर, पाल्ताच्या, म्हणजे अ‍ॅव्होकाडोच्या, फोडींवर भुरभुरल्याशिवाय ओरियानाच्या घशाखाली घास उतरत नसे.

"तुम्ही नळी तोंडात धरता?" पहिल्या दिवशी सेल्सोने विचारलं.

"तुम्ही काय! मी काय तुझी आत्या आहे? बघ, काचेची सुई पेशीला अशी टेकवायची... आणि नळीतून हळूच श्वास ओढायचा. जोरात ओढलास तर फाटते."

"म्हणजे मुका घेतल्यासारखं."

"चिलोएत असाच घेतात वाटतं? नळीने?"

"लाजाळू माणसं आम्ही," तो भिंगावरून डोकं न उचलता म्हणाला. "लांबूनच सुरुवात करतो..."

ओरियानाच्या हातातली सुई मोडली. त्या आठवड्यात तिच्या बऱ्याच सुया मोडल्या.

महिनाभर हे असंच चाललं. धुकं उतरलं की तो तिची सायकल चढावर ढकलायचा. ती त्याच्या मिळमिळीत बटाट्यांवर बळेबळे मेरकेन भुरभुरायची आणि तो पाणी पीत पीत "छान आहे, छान आहे" म्हणायचा.

आणि मग बैठकीच्या आधीच्या बुधवारी सकाळी तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"ओरियाना... सत्तावीस काही करत नाही गं."

"म्हणजे?"

"सगळ्या कुप्या पुन्हा पुन्हा केल्या. औषध काय, पाणी काय, सारखंच. दार उघडतंय."

"तुझा हात जड आहे!"

"जड असेल. खोटा नाही."

"महिनाभर माझ्या मागे मागे फिरतोस, आणि आता—"

"मागे फिरतो म्हणूनच तुला खोटं सांगवत नाही," तो म्हणाला आणि लाल झाला.

जेवायला दोघं गच्चीच्या दोन टोकांना बसली. खाली बंदरातल्या बोटी, वर भन्नाट वारा. ओरियाना रागारागाने पाव मेरकेनमध्ये बुडवत होती. रागात तिला जास्तच तिखट लागतं. इतक्यात वाऱ्याने सेल्सोच्या डोळ्यात काहीतरी गेलं आणि तो डोळा चोळू लागला. ती हात धुऊन आली तरी त्याचं चोळणं चालूच. आता रुसावं की बघावं? तिला बघवेना.

"चोळू नकोस, बैला! इकडे बघ... वर बघ."

तिने त्याची हनुवटी धरली. बोटाच्या टोकाने पापणीचा केस अलगद टिपला. क्षणभर तो तिच्याकडे बघतच राहिला, आणि मग—

"मेलो! मेलो गं आई! काय लावलंस हे?"

"काही नाही! आत्ताच साबणाने हात धुतले!"

"तिखट साबणाला जुमानतंय होय!"

ती धावत दुधाची पिशवी घेऊन आली, डोळ्यावर ओतू लागली, आणि मध्येच थांबली. दूध त्याच्या स्वेटरवर सांडत राहिलं.

"सेल्सो... डिशमध्ये पेशींची लहर मोजणारी चांदीची तार असते ना, ती मी उघड्या बोटांनी बसवते. हातमोज्यांत ती हाताला लागत नाही म्हणून."

"मग?"

"मी पाण्याची तपासणी रोज सकाळी करते. आणि सत्तावीसची..." तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "जेवणानंतर."

म्हणजे पेशींना आधीच मावशीचं मेरकेन लागत होतं! बिचाऱ्या ओरडून ओरडून दमल्या होत्या. दमलेला जीव गप्प बसतो, आणि आपण समजतो त्याला बरं वाटलं. ओरियाना तिथेच गच्चीवर बसून रडली. मावशीला ती फोनवर "सापडलं गं" म्हणून बसली होती!

सेल्सो एक डोळा मिटून तिच्याशेजारी बसला. "उलटं कधी केलं होतंस का? औषध सकाळी आणि पाणी जेवणानंतर?"

"एकदाच. आदल्या दिवशी दुपारी वीज गेली, म्हणून राहिलेलं औषध सकाळी आधी केलं आणि पाणी जेवणानंतर. एक्केचाळीस नंबर होता. दोन्हीकडे शांत निघालं, फरक नाही म्हणून टाकून दिला..." ती उठून उभीच राहिली. "सेल्सो! पाणी शांत होतं ते मेरकेनने. पण औषध घातलं तेव्हा, सकाळी, तर माझी बोटं स्वच्छ होती!"

गुरुवारी मेरकेनची बरणी कपाटात. तार चिमट्याने. जेवायला नुसते उकडलेले बटाटे, आणि ते ओरियानाने हूं की चूं न करता खाल्ले, यावरून काय ते समजा! सेल्सोने सुजक्या डोळ्याने कुपी न ओळखता सांगितलं, "ही शांत... ही उघडी... ही शांत." बाईंनी कुप्या ताडून पाहिल्या. शांत म्हटलेली एकूण एक कुपी एक्केचाळीसची निघाली.

शुक्रवारी ओरियानाने भर बैठकीत सत्तावीसची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगितली, डोळ्यासकट. लोक हसून लोटपोट झाले. एक्केचाळीस काही फार जोरकस नव्हता, औषध व्हायला वर्षं लागणार, होईलच असंही नाही. पण खरा होता. प्रकल्प वाचला.

"तुझ्या तिखटाने माझं औषध मारलं गं!" तिने मावशीला सांगितलं.

"खोटं होतं ना? मग मेलं ते बरं. माझी पाठ इतकी वर्षं थांबली, आणखी थांबेल," मावशी म्हणाली. "आणि ज्याचा डोळा फोडलास, तो मुलगा कोण गं?"

संध्याकाळी खाली उतरणाऱ्या डब्यात दोघंच होती.

"माझा एक बटाटा तुझ्याकडे आहे," सेल्सो म्हणाला. "पहिल्या दिवशी बटाटे मोजले नाहीत, पण खिशात टाकताना तुला पाहिलं होतं."

तिने खिशातून काढला. त्याला कोंब फुटला होता.

"ठेवला का होतास?"

"कळत नव्हतं तेव्हा... आता कळतंय. आवडतोस तू मला." तिने हात पुढे केला आणि चटकन मागे घेतला. "थांब! आत्ताच मेरकेन खाल्लंय. ओठांनाही असेल."

"असू दे," तो म्हणाला आणि नळीबिळी काही न घेता थेट जवळ आला.

डबा करकरत निम्म्यावर आला. सेल्सोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"झोंबलं?"

"जाम."

"मग?"

"एकदा घडलं तो योगायोग," तो म्हणाला. "पुन्हा करून बघायला हवं."