डावीकडचं दार

चिखलीच्या कॉलेजात प्रेमानंद सरांनी जपानी मांगा आणि ॲनिमेवर सेमिनार ठेवला, तेव्हा अर्धा वर्ग हसला आणि उरलेला अर्धा हजेरीसाठी बसला. हसणारेही दुसऱ्या दिवसापासून पुढच्या बाकावर दिसू लागले. मोबाइलवर ॲनिमे सगळ्यांनीच पाहिलं होतं. पण मांगा म्हणजे जपानी चित्रकथेचं पुस्तक, ते आपलं शेवटचं पान असतं तिकडून उघडतं आणि चित्रं उजवीकडून डावीकडे वाचायची, हे ऐकल्यावर गोपाल म्हणाला, "सर, हे तं सारं उलटंच हाय!"

"त्यांच्या लेखी आपण उलटे," असं म्हणून सर काम देऊन मोकळे झाले. प्रत्येकानं आपल्या गावची एक आठ पानी मांगा काढायची, एकही शब्द न लिहिता.

समतानं आपल्या भावाची काढली.

संघपाल दोन वर्षांपूर्वी अशाच चैत्रातल्या दुपारी साखरखेर्ड्याच्या घरातून पोहायला म्हणून निघाला, तो आलाच नाही. समतानं ते तसंच काढलं. पहिल्या पानावर तो उंबऱ्यावर बसून चपलांत पाय घालतोय. मग गल्ली, कडुनिंब, कपाशी उपटून मोकळं झालेलं वावर, विहिरीचा काठ, उडी, पाण्यावरची वलयं. आठव्या पानावर काठाशी काढून ठेवलेल्या त्याच्या चपला, बाकी काही नाही. पाठमोरा भाऊ तिच्यानं काढवेना, म्हणून प्रत्येक चित्रात त्याचं तोंड आपल्याकडेच होतं.

तिची माय पंचफुला संघपाल गेल्यापासून धड जेवत नव्हती. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. वडील पुण्याकडे वॉचमन, त्यामुळे घरात या दोघीच. मायला अक्षरओळख नव्हती. तिनं एके दिवशी ते पुस्तक उचललं आणि आपण उघडतो तसं उघडलं. आधी चपला दिसल्या. मग वलयं. मग पाण्याच्या वर आलेला पोरगा, काठ, वावर, निंब, गल्ली आणि शेवटी उंबऱ्यावर बसून चपला काढणारा संघपाल.

"आला वं माहा पोरगा," माय म्हणाली.

समतानं तिची चूक सांगितली नाही. त्या संध्याकाळी माय पोटभर जेवली होती, आता त्यात कोण खोडा घालणार!

माय रोज दुपारी पुस्तक मांडीवर घेऊन बसू लागली. एकदा भाकर थापता थापता म्हणाली, "आज वावरात दिसला." दुःखात माणूस असं बोलतं, हे समताला ठाऊक होतं, शिकलेली पोर. दोन दिवसांनी माय म्हणाली, "निंबाखाली उभा होता. बोलला नाही." मग गल्लीत दिसला म्हणाली. त्याच आठवड्यात दारापुढं कायम लोळणारं कुत्रं समोरच्या घरी जाऊन झोपायला लागलं.

एका दुपारी समता मागं भांडी घासत होती. पुढच्या खोलीत माय काहीतरी बोलली, थांबली आणि हसली. समोरच्याचं उत्तर ऐकताना आपण थांबतो, तेवढीच थांबली. समतानं आत येऊन पाहिलं, तर माय एकटीच होती. पण तिच्यासमोर दोन ताटं होती आणि दोन्ही खरकटी. खोलीत विहिरीतल्या शेवाळाचा गार वास भरला होता.

समताला भीती वाटली. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा जास्त बरं वाटलं. माय हसली होती.

सेमिनारच्या शेवटी प्रदर्शन होतं. पुस्तकाच्या पिना काढून पानं हॉलच्या भिंतीवर लावायची होती. समता निघाली तेव्हा माय उंबऱ्यावर बसून आपल्या चपलेचा तुटका अंगठा तांब्याच्या तारेनं बांधत होती.

"पोरी, उंबऱ्याच्या बाजूनं वाचू देऊ नोको कोणाले," ती म्हणाली. "तो मंग परत जाईन. आन् मी त्याले आता एकट्याले जाऊ देणार नाही."

हॉलला दोन दारं होती. समतानं उजवीकडच्या दाराला कडी घातली आणि डावीकडचं उघडलं. लोक डावीकडून आत येत, आधी चपला बघत आणि चालत चालत उंबऱ्यापर्यंत पोचत. सकाळभर संघपाल घरीच येत राहिला.

दुपारी सर आले. "अगं, सारे उलटं वाचून राह्यले!" त्यांनी डावीकडचं दार ओढून घेतलं आणि उजवीकडची कडी काढली.

"सर, राहू द्या ना तेच दार."

"काऊन?"

सेमिनारमध्ये सांगता येईल असं कारण तिच्याजवळ नव्हतं.

गर्दी उजवीकडून आत आली. उंबरा. गल्ली. निंब. वावर. काठ. उडी. वलयं. चपला. मग कुणीतरी टाळी वाजवली.

समतानं मायला फोन लावला. रिंग जात राहिली.

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

तिनं मिळाली ती एसटी पकडली.

घराचं दार उघडं होतं. ते कुत्रं परत येऊन उंबऱ्यापुढं झोपलं होतं. आत दोन ताटं वाढून ठेवलेली, हात न लावलेली. तो गार वास कुठंच नव्हता.

"माय?"

दाराशी मायच्या चपला नव्हत्या. शेजारी गेली असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं.

मोबाइल वाजला. गोपालनं तिच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "भारी काढलं बे. पण चपलांचे दोन जोड काऊन?"

समतानं फोटो मोठा केला. विहिरीच्या काठावर संघपालच्या चपलांना लागून बाईमाणसाच्या चपला होत्या, नीट जोडीनं ठेवलेल्या. त्यातल्या एकीचा अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला होता.